शेणाच्या विजेवर कॉफी पाजणारे डॉक्टर

डॉ. दिगंबर खासनीस यांना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. या गौरव ग्रंथासाठी लेख मागायला संपादक आले, तेव्हा मी त्यांना म्हटलं, "गोड लिहिणारे पुष्कळ मिळतील. मी लिहिलं तर जसं आहे तसं लिहीन." ते म्हणाले, "डॉक्टरांनीच तुमचं नाव सुचवलंय." मी लगेच हो म्हटलं. डॉक्टरांसमोर माझं हे नेहमीच होतं.

आमची ओळख जर्मनीतल्या कार्ल्सरूहेच्या मराठी मंडळात झाली. कोजागिरीच्या कार्यक्रमात डॉक्टरांचं भाषण होतं. हे डॉक्टर औषधांचे नव्हेत, पीएचडीचे. शेण, मक्याची कुट्टी असा माल हवाबंद टाकीत कुजवायचा, त्यातून निघणाऱ्या वायूवर इंजिन चालवायचं आणि वीज करायची. अशी वीज ग्रिडला देता येण्याचा कायदा जर्मनीत तेव्हा नुकताच झाला होता. विद्यापीठातले पीएचडी करणारे विद्यार्थी माना डोलावत होते. मी मागच्या बाकावर होतो. मी दहावीनंतर कोल्हापूरच्या फाउंड्रीत लागलेला माणूस. जर्मन शिकलो ती सुट्या भागांच्या पुस्तकांवरून. पडद्यावरच्या आकृतीत एक व्हॉल्व्ह उलटा काढलेला मला दिसला. भाषण संपल्यावर उठून मी तसं सांगितलं.

डॉक्टर पडद्याजवळ गेले, चष्मा वर करून त्यांनी आकृती पाहिली आणि म्हणाले, "आल्झो, असं आहे तर, हे गृहस्थ बरोबर आहेत. चार वर्षं मी ही आकृती दाखवतोय." मग माझ्याकडे वळून, "तुम्ही शनिवारी काय करता हो?"

तेव्हापासून माझे शनिवार त्यांच्याकडे गेले ते गेलेच.

डॉक्टरांचं काम सगळ्यांना माहीत आहे, तरी एक दुरुस्ती करतो. त्यांच्या फिरत्या संयंत्राची टाकी मंडळाच्या अंकात वीस हजार लिटरची छापली गेली होती. ती दोन हजार लिटरची आहे. एवढी टाकी, तिच्यावर वायूची रबरी पिशवी आणि शेजारी लहानसं इंजिन, हे सगळं एका ट्रेलरवर बसवलेलं. कल्पना डॉक्टरांची. जोडणी, वेल्डिंग आणि इंजिन माझं. डॉक्टर हा ट्रेलर गावोगावी नेत, चौकात उभा करत आणि त्याच्या विजेवर कॉफी करून शेतकऱ्यांना पाजत. "ही तुमच्याच गाईंची कॉफी," असं ते म्हणत. लोक हसत आणि दुसरा कप मागत.

मला या माणसाचा हेवा वाटत आला आहे. अभिनंदनाच्या ग्रंथात हे लिहिणं बरं दिसत नाही, पण न लिहिलं तर बाकीचं खोटं ठरेल. त्यांच्या जर्मनचा हेवा वाटतो. कुणाच्या गोठ्यातली कुठली गाय गाभण आहे हे त्यांच्या लक्षात राहतं, त्याचाही वाटतो. माझ्या राहण्याच्या परवान्याचं काम अडलं होतं. परदेशी नागरिकांच्या कचेरीत, आउसलेंडरबेहर्डमध्ये, मी तीन फेऱ्या मारल्या. चौथ्या वेळी डॉक्टर स्वतःची रजा टाकून सकाळी सातला माझ्याबरोबर रांगेत उभे राहिले. खिडकीतल्या बाईंनी 'हेर डॉक्टर' म्हणत दहा मिनिटांत शिक्का मारला. कागद तेच होते, मी लावलेल्या क्रमानेच लावलेले. उपकार झाले आणि रागही आला. घरी येऊन मी तसं बोललो, तर आमच्या सौ. म्हणाल्या, "अहो, काम झालं ना? मग पेढे वाटा!"

आता मुख्य प्रसंग. डॉक्टर एका गावासाठी दोन हिवाळे खपत होते. गावाने सामाईक जागा दिली तर तिथे मोठं संयंत्र उभं राहणार होतं. गावकऱ्यांनी अट घातली की आधी तुमची कॉफी पिऊ, मग मत देऊ. शनिवार ठरला. डॉक्टरांचा हिशेब होता की पिशवीतल्या वायूवर इंजिन चाळीस मिनिटं चालेल. मला वाटलं, हे दोन तास चालवून दाखवावं. एकदा तरी लोकांनी विचारावं, हे कुणी केलं?

आदल्या रविवारी मंडळाच्या गणपतीचा महाप्रसाद झाला होता. गुलाबजाम संपले आणि पाक उरला. साखरेतून वायू झपाट्याने सुटतो हे मी वाचलेलं. सोमवारी तो पाक मी टाकीत ओतला, डॉक्टरांना न विचारता. सौ. म्हणाल्या होत्या, "पाक फेकू नका म्हटलं म्हणजे शेणात ओता असं नव्हे!" मी ऐकलं नाही. मंगळवारी पिशवी टम्म फुगली आणि माझी छातीही.

शनिवारी सकाळी गावाच्या चौकात इंजिन सुरू होईना. पिशवी भरलेली, पण आतला वायू जळेचना. डॉक्टरांनी झडप उघडून वास घेतला.

"आंबलंय हो. काय घातलंत?"

"गुलाबजामचा पाक."

"किती?"

"अठरा लिटर."

"मोजून?"

"मोजल्याशिवाय मी काही करत नाही."

डॉक्टरांनी झडप बंद केली. समोर पन्नासेक माणसं कप घेऊन उभी होती. मी हळूच म्हटलं, "डॉक्टर, इंजिन बिघडलं म्हणून सांगा."

"इंजिन तुम्ही बांधलंय. ते उत्तम आहे," ते म्हणाले. "त्याच्यावर खोटा आळ मी घेऊ देणार नाही. चूक तुमची आहे, ती तुम्हीच सांगा."

आणि गावकऱ्यांकडे वळून त्यांनी जाहीर केलं, "आज कॉफी नाही. का नाही, ते हे गृहस्थ सांगतील. यातलं त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं."

त्या क्षणी मला त्यांचा जेवढा राग आला, तेवढा कुणाचाच कधी आला नाही. माझ्या मोडक्या जर्मनमध्ये मी सांगत गेलो. टाकीतले जिवाणू, त्यांचा रोजचा आहार, अचानक पडलेली साखर, वाढलेलं आम्ल, आणि म्हणून पिशवीत साठलेला न जळणारा वायू. पुढच्या रांगेत फ्राऊ वेबर नावाच्या सत्तरीच्या शेतकरीणबाई होत्या. त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"आधी पोट फुगलं आणि मग सगळं बंद?"

"हो."

"गेनाऊ, बरोबर! आमच्या लीझल गाईने पिठाचं पोतं फाडून खाल्लं होतं, तेव्हा अगदी असंच!" त्या शेजारणीला म्हणाल्या, "अगं, ही गायच आहे!"

मग चौकात एकच गलका. कुणी म्हणे उपाशी ठेवा, कुणी म्हणे निरोगी गाईच्या पोटातलं पाजा. दोन्ही बरोबर होतं. खाणं थांबवायचं आणि चांगल्या टाकीतला जुना रबडा घालायचा, हाच इलाज मी सांगणार होतो. फ्राऊ वेबर म्हणाल्या, "ही इथेच राहू दे माझ्या अंगणात. आजारी जनावर रस्त्याने नेत नाहीत."

टाकी तीन आठवडे तिथे राहिली. शेजारच्या संयंत्रातून रबडा आणला, रोज कुणी ना कुणी येऊन वास घेऊन गेलं. इंजिन धडधडायला लागलं, त्या दिवशी बाईंनी फोन केला तो डॉक्टरांना, मला नाही. गावाने जागा दिली. गावकरी म्हणाले, आजारी पडते आणि आपल्याला बरी करता येते अशी वस्तू आम्हाला समजते. स्थानिक वर्तमानपत्रात फोटो आला. त्यात मध्यभागी डॉक्टर आहेत आणि उजव्या कडेला एक कोपर आहे. ते माझं.

त्या शनिवारी डॉक्टरांनी इंजिनाला दोष दिला असता तर माझी अब्रू वाचली असती आणि गाव गेलं असतं. त्यांनी गाव वाचवलं. माझ्या हातच्या कामाची लाज राखली, माझी मात्र राखली नाही. असं वागणं मला जमलं नसतं. हेवा वाटतो तो याचाच. जर्मनचं काय, ती माझी सुधारली आहे.

आता डॉक्टर म्हणतात, गुडघे दुखतात, यापुढे गावोगावचं बोलणं तुम्ही करा. पुढच्या महिन्यात पहिलं गाव आहे. इतकी वर्षं हेच हवं होतं, आणि आता भाषणाचा कागद मी रोज रात्री पुन्हा पहिल्यापासून लिहितो आहे.

डॉक्टर, गुडघ्यांवर उपचार करून घ्या. हयगय करू नका. आपल्याला ठणठणीत प्रकृती आणि पुढची चाळीस वर्षं लाभोत, असं मी मनापासून मागतो, आणि त्यात माझा स्वार्थ आहे. मी बोलायला उभा राहीन तेव्हा आपण पहिल्या रांगेत बसलेले असावेत. मी चुकलो तर सगळ्यांसमोर सांगावं. आणि एकदा, फक्त एकदा, घरी जाताना आपल्याला माझा हेवा वाटावा.