लव्हाळ्यातली फटाकडी

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळे कानसेन म्हणत. अडखळणारं घड्याळ नुसतं कानाशी धरून तो त्याचं दुखणं सांगे. त्याच कानांनी तो पाखरंही ओळखी.

मुलखाचे चौकोन पाडून, कुठल्या चौकोनात कोणतं पाखरू घरटं करतं, कोणतं वाढलं, कोणतं सरलं, याचा नकाशा व्हायचा होता. हौशी माणसं आपापला चौकोन पायी फिरत. गावाबाहेरच्या दलदलीची अलीकडची बाजू कानसेनकडे, पलीकडची त्याच्या व्याह्याकडे. व्याह्याचं औषधांचं दुकान. जिभेवर साखर, पण हार मानणं रक्तात नाही.

दलदलीवर भराव घालून गोदामं उठायची होती. तिथे फटाकडी या दुर्मिळ पाणपाखराची वीण होते असं नकाशात आलं, तरच ते थांबणार होतं. फटाकडी लव्हाळ्यात दडलेली, डोळ्यांना दिसेल तर शपथ. म्हणून मोबाइलवर तिची हाक वाजवायची आणि उत्तराची वाट पाहायची.

एका पहाटे, पाण्यावर धुकं निजलेलं असताना, कानसेनने हाक वाजवली. पलीकडून उत्तर आलं. त्याचे डोळे भरले. तिकडे व्याह्यालाही उत्तर मिळालं. दोघांनी कळवलं, नकाशावर ठिपका उमटला, भराव थांबला. फटाकडी कुणाच्या बाजूची, यावरून ताटावरच दोघांची जुंपली.

"मामंजी, बाबा," सून म्हणाली, "ती सासरी राहील नाहीतर माहेरी. तुम्ही आधी जेवा."

पुढल्या विणीला पिल्लं बघायची म्हणून कानसेन हाकेच्या मागावर चिखलात शिरला. लव्हाळं सारलं, तर समोर व्याही, ओणवा, हातात मोबाइल. दोन्ही मोबाइल एकमेकांना साद घालत होते.

"म्हणजे गेल्या साली आपण..." कानसेन पुटपुटला.

"गप्प बसा, व्याहीबुवा. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"पाखरूच नाही, तिथे ठिपका कसा ठेवू? उद्या आपल्या खऱ्या ठिपक्यांवर तरी कोण विश्वास ठेवील?"

"विश्वासावर अंडी उबत नाहीत. इथे टिबुकल्या आहेत, पाणकोंबड्या आहेत. तुमच्या खरेपणाची हौस त्यांच्या जिवावर कशाला?"

कानसेन चिखल तुडवत परत फिरला. घरी जाऊन त्याने चूक कळवून टाकली.

नकाशा करणाऱ्यांनी त्याच्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं आणि ठिपका पुसला. टिबुकल्या नेहमीच्याच, त्यांच्यासाठी कोण काय थांबवणार? ट्रक आले ते ऐन विणीत. तरंगती घरटी अंड्यांसकट मातीखाली गेली. कानसेन काठावर उभा होता. ज्या कानांचा त्याला एवढा गर्व, ते त्याने तळहातांनी झाकून घेतले.

व्याह्याने त्याच्या घरचा उंबरा चढणं सोडलं. सून चहाचा कप पुढे ठेवते आणि पाठ फिरवते.

चौकोन अजून त्याच्याकडेच आहे. गोदामांच्या पत्र्याखाली आता पारवे घरटी करतात. दरसाल ते वाढतात, आणि तो खरं तेच लिहून देतो.