ओढून बघितलेलं कुलूप

शुक्रवारी संध्याकाळी मी गुहागरला कुलूप लावलं आणि ते नीट लागलंय का हे बघायला पुन्हा एकदा दाबलं. त्या दुसऱ्या दाबण्याने ते उघडलं. माझ्या लक्षात आलं नाही. मी समाधानाने कॉम्प्युटर बंद करून घरी आलो.

कुलूप पडद्यावरचं होतं, पण सवय घरची. बाहेर पडताना दाराचं कुलूप मी दोनदा ओढून बघतो, आणि फाटकापर्यंत जाऊन परत येऊन तिसऱ्यांदा. एकदा या ओढाओढीत कोयंडाच हातात आला आणि अख्खी सहल सुताराची वाट बघण्यात गेली. आमच्याकडे पाहुण्यांना चहाबरोबर ही गोष्ट मिळते.

माझी नोकरी रत्नागिरीत, आमसुलं, कोकम सरबत आणि सुपारी विकणाऱ्या कंपनीत. पूर्वी वर्षाचा आराखडा मी वहीच्या दोन पानांत बसवायचो. मग पुण्याच्या मुख्य ऑफिसने नियोजनाचं सॉफ्टवेअर आणलं. त्यात कामाचा एकेक दिवस तीन बाजूंनी वाटायचा: कुठल्या केंद्राचा, कुठल्या महिन्याचा, कुठल्या कामाचा. वरून एकूण आकडा कमी केला की खालचे आकडे आपोआप कमी होतात. ज्याला हलू द्यायचं नाही, त्याला कुलूप. अगदी कमी करता येणार नाही तेवढंच कुलुपात ठेवा, अशी सूचना होती. साहजिकच पाचही केंद्रांनी सगळंच कुलुपात ठेवलं. म्हणजे काही कापायचं तर पुण्याच्या साहेबांना फोन करून हुज्जत घालावी लागणार, आणि हुज्जतीत आम्हाला कोण हरवणार!

शनिवारी सकाळी ऑफिसात शिरतोय तोच साहेबांचा फोन आला, तो आभाराचा. एकूण आकड्यातून एकशेऐंशी दिवस कमी करायचे होते, जिथे बघावं तिथे कुलपं, तेवढं तुमच्या गुहागरने सहकार्य केलं, म्हणाले. मी घाईघाईने कॉम्प्युटर सुरू केला. गुहागरच्या रातांब्यांच्या हंगामाचे तीनशेसाठ दिवस निम्म्यावर आले होते.

गुहागर माझी सासुरवाडी. तिथल्या शेडमध्ये नऊ बायका एप्रिलअखेरपासून चाळीस दिवस आमसुलांसाठी रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडतात. त्यांची मुकादम म्हणजे बायकोची वहिनी. त्या मजुरीवर नऊ घरांची पावसाळ्याची बेगमी होते. त्या केंद्रात कॉम्प्युटर नाही, म्हणून त्यांच्या कुलपाची किल्ली माझ्याकडे.

मी साहेबांना चूक सांगितली. ते रागावले नाहीत. एकूण आकडा वरच्या साहेबांकडे गेलाय, आता बदलायचा नाही; तुमच्या हातात आहे तेवढं संध्याकाळी सहापर्यंत इकडचं तिकडे करा, मग वर्षभर बंद, एवढंच म्हणाले.

मी थंडीतले सुपारी सोलण्याचे दिवस मे महिन्यात ओढून पाहिले. महिना बरोबर आला तर कामाचा रकाना लाल झाला. तो सुधारला तर महिना लाल. मग मालगुंडला फोन लावला. तिथला प्रमुख माझा जुना दोस्त. त्याने माझ्या रक्तदाबाची चौकशी केली, यंदाच्या मोहोराची हकीकत सांगितली, आणि तीस दिवसांपुरतं कुलूप उघड म्हटल्यावर म्हणाला, "आमचं कुलूप गंजलंय हो." बाकीच्यांचीही गंजली होती. रागावणार तरी कसा? त्यांच्या जागी मीही हेच म्हणालो असतो.

साडेतीनला वहिनींचा फोन.

"भावोजी, बायका विचारतायत. नऊच्या नऊ जणींना हो सांगू ना?"

"सांगतो," मी म्हणालो.

"सांगतो म्हणजे काय? दरवर्षी तर लगेच हो म्हणता."

नेटवर्क खराब आहे म्हणून मी फोन ठेवला. नेटवर्क इतकं चांगलं होतं की त्यांच्या अंगणातला कावळासुद्धा मला स्पष्ट ऐकू येत होता.

आता माझ्या हातात एकच ओळ उरली होती: देखरेख. तिला ना महिन्याचं बंधन होतं, ना कामाचं. केंद्रांना भेटी द्यायला मी, तपासनीस आणि गाडीचालक, प्रत्येकी साठ दिवस. हिशेब नेमका जुळत होता. तपासनीसाला गाडी लागते, घाटात उलट्या होतात, तो विचारण्याआधीच खूश झाला. चालकाला मालाच्या फेऱ्या होत्याच. प्रश्न माझा होता. माझ्या केबिनच्या खिडकीतून शेजारच्या शीतगृहाची भिंत दिसते. जयगडला फेरीबोटीत गाडी चढवून पलीकडे जायचं, वारा खायचा, शेडमध्ये गंभीर चेहऱ्याने दोन रातांबे दाबून बघायचे आणि सासुरवाडीला तळलेल्या सुरमईवर बसायचं, या साठ दिवसांवर मी उरलेलं वर्ष काढतो. मे महिन्यात मागच्या सीटवर बायकोही असते. साहेबांना ते माहीत आहे, म्हणजे नाही.

देखरेखीशिवाय माल बिघडेल, असं मी स्वतःला पाऊण तास पटवत होतो. मग आठवलं की किडका रातांबा कसा ओळखायचा हे मला वहिनींनीच शिकवलं होतं.

पाच चाळीसला देखरेखीचं कुलूप काढलं, एकशेऐंशी दिवस गुहागरला दिले आणि गुहागरला कुलूप लावलं. बोट परत तिकडे जायला लागलं, तेव्हा दोन्ही हात मांड्यांखाली घेऊन बसून राहिलो. सहा वाजता 'मुदत संपली' अशी अक्षरं आली. गुहागर कुलुपात होतं आणि पुढचं वर्षभर मीही.

वहिनींना फोन करून नऊच्या नऊ बोलवा म्हणून सांगितलं. घरी आल्यावर बायकोला सगळं पहिल्यापासून सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. माझे किती दिवस उरले, एवढंच तिने विचारलं. एकही नाही, मी म्हटलं. मे महिन्यातली गाडीपण गेली? तीपण गेली.

तिने तव्यावरची पोळी उलटली.

"मग एसटीने जाऊ," ती म्हणाली. "पण निघताना कुलूप मी लावणार. तुम्ही आधी फाटकाबाहेर जाऊन उभं राहायचं."