संकष्टीचं बटण

म्हात्रे वायरमन गेल्याचं सोसायटीच्या ग्रुपवर कळलं. खाली ओळीने हात जोडलेले, आणि त्यांच्याखाली एक प्रश्न : 'दुसरा कुणी चांगला आहे का? आमचा पंखा बंद आहे.' भेटेल तो मला विचारी, "शॉक लागला का?" नाही, झोपेत हृदय थांबलं. विजेने त्यांना जन्मभर काही केलं नाही. तशी संधीच त्यांनी तिला दिली नव्हती...

आमच्या कामोठ्याच्या घरी ते पहिल्यांदा आले तेही पंख्यासाठीच, दिवाळीच्या तोंडावर. चप्पल काढायच्या आधी त्यांनी प्लास्टिकमध्ये घातलेला परवाना पुढे केला. प्रमाणपत्रं मिरवणाऱ्यांचा मला जुना संशय. "राहू द्या हो," मी म्हणालो. "बघा. न बघता कोनालाबी घरात घेता, म्हनून तर वाट लागते." मी बघितल्यासारखं केलं. मग त्यांची नजर मीटरशेजारच्या बोर्डावर गेली. महिन्यापूर्वी तिथला ब्रेकर सारखा पडायचा. हार्डवेअरच्या दुकानातून आणलेल्या एका माणसाने तो वगळून वायर पाच मिनिटांत 'डायरेक्ट' करून दिली होती. तेव्हापासून एकदाही लाइट गेली नव्हती, आणि हे मी चार जणांना कौतुकाने सांगितलंही होतं. नळाला हात लावला की झिणझिण्या येतात, असं आई म्हणायची. तिला मी बी-ट्वेल्व्हच्या गोळ्या आणून दिल्या होत्या.

"आंघोळीला कोन हाय?"

"आई."

त्यांनी मेन स्विच खाली ओढला. आतून आई ओरडली, "कोण रे तो? माझ्या तोंडाला साबण लागलाय!"

"साबन पुसता येतो, आजी," म्हात्रे म्हणाले.

गिझरमधून करंट पाण्यात उतरत होता, आणि अर्थिंगची वायर कुठेच जोडलेली नव्हती. ब्रेकर सारखा पडत होता तो आईला वाचवायलाच. दुसऱ्या दिवशी अभ्यंगस्नान, घर पाहुण्यांनी भरलेलं. "उद्याचा दिवस चालवू या," मी म्हणालो. त्यांनी खिशातलं पेन काढून माझ्या हातात दिलं. "लिवून द्या. आजींना काय झालं तर तुमी जबाबदार." मी पेन धरून उभा राहिलो... आणि परत केलं. त्या वर्षी पाहुण्यांनी गॅसवर तापवलेल्या पाण्याने आंघोळी केल्या. एक मावशी अजून बोलून दाखवते.

अर्थिंग जोडून, नवा ब्रेकर बसवून झाल्यावर त्यांनी आईला त्यावरचं छोटं बटण दाखवलं. "महिन्यातून एकदा दाबायचा. लाइट गेली पायजे. नाय गेली तर मला बोलवा." महिना लक्षात कसा राहणार, हा माझा प्रश्न. "संकष्टीला दाबीन," आई म्हणाली. म्हात्र्यांना ते इतकं पटलं की पुढे ते प्रत्येक घरात तसंच सांगत.

शोकसभेत अध्यक्षांनी त्यांना 'विद्युतमहर्षी' केलं. माइकच्या वायरीला पिनच नव्हती. दोन उघडी टोकं काड्या खोचून सॉकेटमध्ये बसवली होती. मी उठून बटण बंद केलं. उरलेलं भाषण विनामाइक झालं, त्यामुळे आटोपशीरही.

परवा संकष्टी होती. आईचा हात तिथवर पोचत नाही, म्हणून तिने नेहमीसारखं लाटण्याच्या टोकाने बटण दाबलं. टक्... फ्रिजची घरघर थांबली, पंखा फिरत फिरत मंदावला. एरवी ती लगेच म्हणते, "हं, आता लाव." या वेळी म्हणाली नाही. लाटणं हातात धरून ती बोर्डाकडे बघत राहिली. मीही हात वर केला नाही.