घासलेली बाटली

होडी धक्क्याला लागली तेव्हा माझी बाटली लख्ख होती. दर महिन्याला समुद्रातल्या प्लवकांचा, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जिवांचा, नमुना घ्यायला मी पांडूकाकांच्या होडीतून जाते. आज मी माझं नमुन्याचं जाळं धूत असताना काकांनी ती घासून उन्हात पालथी घातली होती.

"ताई, गढूळ पाणी राहिलेलं. ओतून टाकलं."

"काका, त्यातच सगळं होतं!"

"सगळं म्हणजे? मासळी तर एक नव्हती."

काकांच्या जाळ्यातला बांगडा याच बारीक जिवांवर वाढतो, हे मी त्यांना कितीदा सांगितलं असेल. पण चिडणार कोणावर? आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. माझ्या आईनेही ती बाटली अशीच मायेने घासली असती. कॉलेजच्या सरांनी मला सूक्ष्मदर्शकातून बघायला शिकवलं, ते उपकार विसरणार नाही. जे मला दिसतं ते माझ्याच माणसांना कसं दाखवायचं, ते मात्र अजून जमत नाही.

उद्यापासून पावसाळ्यासाठी मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर चढणार. म्हणजे वर्षभराच्या नोंदींतला हा महिना गेला. वहीत शून्यही लिहिता येईना. शून्य म्हणजे समुद्रात काहीच नव्हतं, आणि ते खोटं झालं असतं. मी रकान्यात नुसती आडवी रेघ मारली.