आईच्या नावाचा रकाना

परब सिस्टरांच्या हातात कुणी भांडं दिलं, की आत काय आहे ते त्या नंतर बघत. आधी भांड्यावरचं नाव वाचत. कुवेतच्या सलवा भागातल्या आमच्या इमारतीत आम्ही राहायला आलो, त्याच्या दुसऱ्या आठवड्यात मी त्यांना स्टीलच्या डब्यातून पुरणपोळ्या नेऊन दिल्या. दार अर्धंच उघडलं. डबा त्यांनी डोक्याच्या वर धरला, चष्मा पुढे ओढला आणि तळावरची अक्षरं मोठ्यानं वाचली. मग मला विचारलं, "ही वंदना शंकर आहेर कोण?"

"मीच," मी म्हटलं.

"खालचो हारिस तर म्हणालो, रेवती जाधव."

म्हणजे राखणदाराकडे आमची चौकशी आधीच झाली होती. मी हसून खुलासा केला. आमच्या सटाण्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरून नवऱ्यानं अंगठीनं त्यात 'रेवती' लिहिलं, पासपोर्ट लग्नानंतर काढला, त्यामुळे तोही रेवती नीलेश जाधव याच नावाचा. भांडी मात्र माहेरची, त्यावर माहेरचं नाव. हे सगळं त्यांनी पोलीस जबाब घेतो तसं ऐकून घेतलं. "नाव बदललंस, पण भांडी बदलूक नाय," एवढंच म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. चार दिवसांनी डबा परत आला. आत कोकमं होती, वर एक चिठ्ठी: 'डबा एक, झाकण एक, मिळाल्याची सही करावी.' मी गंमत समजून सही केली नाही, तर त्या दारात उभ्या राहिल्या.

त्या कुडाळजवळच्या. सरकारी रुग्णालयात लहान मुलांच्या वॉर्डात कितीतरी वर्षं नर्स. नवरा तरुणपणीच गेला, मूल नव्हतं. सासरच्या घरात वाटा होता म्हणे, पण मिळाला नाही. त्याबद्दल कुणी विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं असे, "थय सगळा तोंडी होता." त्यापुढे एक अक्षर नाही. तेव्हापासून बहुधा बाईंचा माणसाच्या तोंडावरचा विश्वास उडाला तो उडालाच. लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्या माणसाचं ओळखपत्र त्या बघत. कोपऱ्यावरच्या बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, दह्याची तारीख तीन डब्यांवर वाचून चौथा उचलत. गणपतीत कुणी प्रसाद दिला तर हात पुढे करण्याआधी "कोणी केलो?" असं विचारत. "माणूस फिरता, कागद फिरणा नाय," हे त्यांचं पालुपद.

अशा बाईबद्दल लोक बोलणारच. आमच्या मराठी बायकांत कुजबुज होती, की ती सगळ्यांच्या कागदांच्या झेरॉक्स कपाटात ठेवते. कशाला, ते कुणाला ठाऊक नव्हतं. एकीच्या मते त्या सरकारी अर्ज भरून देणाऱ्या टायपिंगवाल्यांकडून दलाली घेत, दुसरीच्या मते कुणाचा इकामा कधी संपतो ते मुद्दाम लक्षात ठेवत. इकामा म्हणजे इथं राहण्याचा परवाना. तो गेला की सगळंच गेलं. मीही त्या कुजबुजीत मान डोलावली. मला त्यांची भीती वाटे, हे खरं आहे.

मला दिवस गेले तेव्हा तीन महिने मी कुणाला सांगितलं नव्हतं. एके दिवशी लिफ्टमध्ये परब सिस्टरांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "बाळंतपण खय?"

"माहेरी," मी म्हटलं. "पहिलं ना."

"पयला माहेराक, ह्यो कायदो खयच्या देशाचो? हय झाला तर हयच कागद होतले. थय झाला तर तुझा पोर परदेशी. त्याका बोलवूचा लागतला, पाव्हण्यासारख्या."

शुभ बोल नाऱ्या म्हणतात, तर ही बाई हे असं बोलली. घरी येऊन मी मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. नीलेश हसला. तो पेट्रोकेमिकलमधला इंजिनिअर, त्याचा विश्वास फरवानियातल्या टायपिंग सेंटरच्या अजयवर. अजय सगळ्यांचे अर्ज भरायचा, चहा पाजायचा आणि प्रत्येक वाक्याला "टेन्शन मत लो" म्हणायचा. सातवा सरता सरता मी सटाण्याला गेले.

मुलगा झाला. दवाखाना आमच्या घरासमोरचाच, डॉक्टर मला फ्रॉकमध्ये असल्यापासून ओळखणारे. जन्माचा फॉर्म वडिलांनी भरला. बाळाच्या हृदयाच्या पडद्याला एक बारीक छिद्र निघालं. बहुतेक आपोआप बुजेल, पण दर तीन महिन्यांनी तपासत राहा, असं नाशिकच्या डॉक्टरांनी सांगितलं. या धास्तीत मी जन्मदाखल्याकडे नीट बघितलंही नाही. दाखला आला आणि शिक्क्यांच्या प्रवासाला लागला: आधी मुंबई, मग दिल्ली, मग कुवेतची वकिलात.

बारशाच्या दुसऱ्या दिवशी परब सिस्टरांचा मेसेज आला. अभिनंदन नाही, बाळ कसं आहे हेही नाही. 'जन्मदाखल्याचा फोटो पाठव. आईचे नाव काय घातले?'

मी तो मेसेज आईला वाचून दाखवला, मैत्रिणींना दाखवला. सगळ्यांचं म्हणणं एकच पडलं, की माझ्या बाळाचा कागद या बाईला कशाला हवा? मी उत्तर दिलं नाही. आठवड्यानं पुन्हा तोच मेसेज आला, तेव्हा त्यांचा नंबरच गप्प करून टाकला.

दीड महिना गेला. मग एका संध्याकाळी नीलेशचा फोन आला, आवाज उतरलेला. परब सिस्टर ड्यूटीवरून परस्पर आमच्या दारात गेल्या होत्या आणि कागद दाखवल्याशिवाय हलत नाही म्हणाल्या होत्या. त्यानं मोबाइलवर दाखला उघडून दिला. त्यांनी वाचला आणि विचारलं, "ह्या पोराची आवस वंदना. तुझी बायको रेवती. मगे ह्या पोर तुझ्या बायकोचा कसा?"

दाखल्यावर आईच्या रकान्यात लिहिलं होतं: वंदना शंकर आहेर.

मी वडिलांना विचारलं. ते गोंधळून म्हणाले, "अगं, दवाखान्यात ल्हानपणापासून तुझं नाव वंदनाच हाये. डॉक्टरांनीबी तेच इचारलं, मी व्हय म्हनलो. माझ्या पोरीचं नाव मी दुसरं काय सांगू?" त्यांना मी काय बोलणार. सगळं गाव मला वंदनाच म्हणत होतं. कुवेतच्या खिडकीमागच्या माणसाला मात्र वंदना नावाच्या बाईशी काही देणंघेणं नव्हतं.

आता हिशेब असा होता. दुरुस्ती करायची तर नगरपरिषद, प्रतिज्ञापत्र, लग्नाचा दाखला, आणि मग सगळे शिक्के पुन्हा पहिल्यापासून. तेवढ्यात माझे सहा महिने भरत होते. सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिले तर माझाच इकामा रद्द. अजयनं तोडगा काढला. त्यानं मला फोनवर समजावलं, "भाभीजी, टेन्शन मत लो. बच्चे को विज़िट पे ले आओ, नाम-वाम बाद में देखेंगे. इन्शुरन्स भी हो जाता है विज़िट का." म्हणजे बाळ पाहुण्यांच्या व्हिसावर माझ्या कुशीत, माझ्याबरोबर विमानात, आणि त्या व्हिसाचा इकामा तो नंतर करून देणार. मला तो माणूस देवासारखा वाटला.

परब सिस्टरांचं म्हणणं नेमकं उलटं होतं. नीलेशच्या फोनवरून त्या माझ्याशी बोलल्या. "बाळाक आवशीकडे ठेव. तू एकटी ये. दाखलो सुधार, मगे बापूस जावन घेवन येतलो. दोघांव एकदम येवक बघलास तर दोघांव थयच रवतल्यात."

तीन-साडेतीन महिन्यांचं अंगावर पिणारं मूल सोडून ये, असं एक बिनलेकराची बाई मला सांगत होती. माझ्या मनात जे आलं ते लिहायची मला आजही लाज वाटते. मी फक्त म्हटलं, "विमा होतोय ना व्हिजिटचा? मग?"

"विम्याचो कागद म्हणजे औषध न्हय, गो. त्याच्या काळजाक भोक असा. ता जुना दुखणा. विजिटच्या विम्यात खय चलता, खय चलणा नाय, ता आदी वाच. माझ्या वॉर्डात असली पोरा मी बघलंय. आणि विजिटचो इकामा करून देतलो म्हणता ना तो? त्याका सांग, लिवन दी."

केवळ त्यांना खोटं पाडायचं म्हणून मी अजयला फोन लावला. हृदयाचं दुखणं विम्यात बसेल आणि व्हिजिटचा इकामा होईल, हे लिहून द्याल का, असं विचारलं. तो हसला. "अरे भाभीजी, ये सब लिखके थोड़ी देते हैं." हसण्यात काही वाईट नव्हतं. माणूसही वाईट नव्हता, मनापासून बोलायचा. पण लिहून द्यायला तो तयार नव्हता. त्या रात्रीच मी नीलेशला सांगितलं, माझं एकटीचं तिकीट काढ.

मी बाळाला आईच्या मांडीवर ठेवून निघाले. त्याबद्दल जास्त लिहिता येणार नाही.

कुवेतला पोचले त्या दिवशी दुपारी परब सिस्टर आल्या. हातात दूध काढायचा पंप, रुग्णालयात धुतात तसा उकळून आणलेला. मी रडत होते. त्यांनी पाठीवर हात वगैरे फिरवला नाही. घड्याळ दाखवून म्हणाल्या, "दर तीन तासान काढूचा. रडत काढ, हसत काढ, पण काढ. फेकूचा लागला तरी काढ. दूध मागणाऱ्यासाठी येता. मागणारो लांब असलो तर आपण मागूचा."

मी रोज काढलेलं दूध मोरीत ओतत होते. तिकडे बाळ वाटी-चमच्यानं वरचं दूध पीत होतं. एखाद्या दिवशी ओतताना मला वाटे, ही बाई माझे हाल बघायला तर येत नाही ना. रोज ड्यूटी संपली की दार वाजायचं. दाखल्याचं कुठवर आलं ते विचारायचं, दूध काढल्याच्या वेळा लिहिलेला कागद तपासायचा, एखादी वेळ राहिली असेल तर तिथं बोट ठेवायचं. एकदा मी त्यांना बाळाचा हसरा फोटो दाखवायला मोबाइल पुढे केला. त्यांनी मान फिरवली. मला ते फार लागलं, आणि मी विचारलंच, की तुम्हाला बघवत नाही का.

"चेरो बघलंय काय माया येता," त्या म्हणाल्या. "माया इली काय चूक दिसणा नाय. तुझ्या बापाशीक खय दिसली? आदी कागद सरळ होवंदे."

सुधारलेला दाखला आला, तेव्हा त्यांनी तो टेबलावर ठेवून बोटानं एकेक अक्षर वाचला: बाळाचं नाव, बापाचं, आईचं, पासपोर्टशी लावून. आरोग्यविम्याचा कागद आला तेव्हा अरबी वाचणारी आपली एक सहकारी त्यांनी बरोबर आणली. त्रेचाळीस दिवसांनी नीलेश बाळाला घेऊन आला. बाळानं मला ओळखलं नाही. पहिले दोन दिवस ते माझ्याकडे परक्या बाईकडे बघावं तसं बघत होतं. तिसऱ्या दिवशी ते अंगावर प्यायलं. त्याचं सिव्हिल आयडी, म्हणजे इथलं ओळखपत्र, हातात आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात आम्ही हृदयाच्या डॉक्टरांकडे गेलो, कुणी अडवलं नाही. छिद्र पुढे वर्षभरात बुजलं.

झेरॉक्सचं कोडंही सुटलं. कपाटात खरंच गठ्ठे होते, वॉर्डात येऊन गेलेल्या मुलांच्या आईबापांचे. कुणाचा कागद कुठं अडला, कसा सुटला, ते वर पेन्सिलीनं लिहिलेलं. नवीन कुणी अडकलं की त्या जुना गठ्ठा उघडत. ही गोष्ट मी आमच्या बायकांना सांगितली तर एक म्हणाली, "असेल, पण एवढं कोण कुणासाठी करतं?" हेच मीही म्हणाले असते.

तीन वर्षांनी परब सिस्टर निवृत्त होऊन कायमच्या निघाल्या. मी सामान भरायला मदत करत होते. मुलगा तिथंच खेळत होता, त्या मालवणीत विचारत होत्या आणि तो इंग्रजीत उत्तरं देत होता. बरेच दिवस मनात असलेलं मी बोलून टाकलं. "ताई, तुमचा तो पहिला मेसेज मी दीड महिना तसाच ठेवला होता. तेव्हाच फोटो पाठवला असता तर दुरुस्ती वेळेत झाली असती. मला त्याला सोडून यावंच लागलं नसतं. तुमच्या हे लक्षात आलं होतं?"

"पयल्याच दिवशी."

"मग मला कधी बोलला का नाहीत? रोज तर येत होता."

त्यांनी हातातल्या साडीची घडी पुरी केली, ती बॅगेत ठेवली.

"तेवा बोललंय असतंय," त्या म्हणाल्या, "तर तुझा दूध आटला असता."

बॅगेची चेन लागत नव्हती. मी वर बसले, आणि त्यांनी ती ओढून लावली.