व्हिएन्ना ते म्युनिक, एक तास

दुबईच्या जबल अलीत माझ्या खोलीत राहणाऱ्या रत्नागिरीच्या वेल्डरला शारजाच्या रोल्ला भागातल्या एका एजंटने जर्मनीत नोकरी देऊ केली. विमान व्हिएन्नाला उतरणार आणि तिथून म्युनिक गाडीने एक तास, असं एजंट म्हणाला होता, आणि वेल्डरने त्याला आपली सर्टिफिकेटं देऊनही टाकली होती. मला ते खटकलं. मी ऑफिसमधल्या साहेबांकडून त्यांच्या मुलीचा ॲटलास आणला आणि दोऱ्याने मोजलं. अंतर दुबई-अबुधाबीच्या जवळजवळ तिप्पट भरलं, आणि तेवढ्यालाच इथे दीड तास लागतो.

शुक्रवारी आम्ही दोघे एजंटकडे गेलो. "एक घंटे में कैसे पहुँचेगा?" मी विचारलं.

"अरे भाई, युरोप का रोड है," तो हसला.

"मेरे सर्टिफिकेट वापस दो," वेल्डर म्हणाला.

एजंटने कुरकुरत ती परत केली. तो लबाड होता की भूगोलात कच्चा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.