जाड आवाजाची पट्टी

श्रीरामपूरच्या आमच्या हायस्कुलात गायनाचा वर्ग सायकल स्टँडच्या मागे, पत्र्याच्या खोलीत भरायचा. एक पेटी, तबल्याची जोडी आणि बसायला तरट. मी नववीत असताना तिथे नव्या बाई आल्या. नगरच्या होत्या. अंगाने किरकोळ, पण गायला लागल्या की बाहेरचा गलका थांबायचा.

आधीच्या गुरुजींनी मला प्रार्थनेत नुसते ओठ हलवायला सांगितलं होतं. मी तेच करत होते. बाई रांगांमधून कान देत फिरल्या आणि माझ्यापाशी थांबल्या.

"तू का गात नाहीस गं?"

"बाई, माझा आवाज लई जाड हाय."

मुली हसल्या. बाई हसल्या नाहीत. त्यांनी मला पेटीजवळ बसवलं, 'सा' लावायला सांगितला आणि एकेक पट्टी खाली उतरत गेल्या. एका जागी आवाज असा लागला, की छातीत घुमला. मीच दचकले.

"हा तुझा सा. आवाज चांगलाय तुझा, पट्टी चुकत होती."

पण बाकीच्या मुली वर आणि मी खाली, मग सगळ्यांचं गाणं एकत्र बसायचं कसं? तेव्हा माझी ख्रिस्ती मैत्रीण म्हणाली, "बाई, आमच्या चर्चमध्ये जाड आवाजाची चाल वेगळी असते. तरी सगळे बरोबरच गातात."

त्या रविवारी बाई खरंच चर्चमध्ये जाऊन मागच्या बाकावर बसल्या. नंतर कितीतरी दिवस पेटीवर काहीबाही जुळवत, मोडत राहिल्या. शेवटी स्नेहसंमेलनाच्या गाण्यात त्यांनी माझ्यासाठी आणि आणखी दोघींसाठी खालची निराळी चाल बसवली.

त्या साली पाऊस झाला नव्हता, वर्गणी जमली नाही, म्हणून संमेलन मंडपाशिवाय, पटांगणातच झालं. माझे वडील, आबा, गावाहून एसटीने आले होते. वर मुलींचे आवाज, खाली आम्ही तिघी. गाता गाता लक्षात आलं, घाबरायचं राहूनच गेलं.

परतताना आबांनी बसमध्ये दोघांची तिकिटं काढली. मग म्हणाले, "तुझा आवाज लगेच वळखला मी."

"वाईट वाटला का?"

"न्हाई गं. मदी तुमी तिघी थांबला, तवा गानं रितं रितं वाटलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोठ्यात मोठ्याने गायले. आई भाकरी थापता थापता ओरडली, "अगं, हळू! गाय बुजंल!" आणि स्वतःच हसायला लागली.